नव्या आल्बमबद्दल माझं अंतिम मत

१२ जानेवारी, सोमवार
उणे सतरा. ठरलं म्हणजे ठरलं. ताल्विक्रूनूचा नवा आल्बम शुक्रवारी येतोय आणि मी तो ऐकणार नाही. गायिका इन्केरीला घालवून तिच्या जागी ती डच बाई आणली, तेव्हाच मी जाहीर केलं होतं की या बँडचा आणि माझा संबंध संपला. चोवीस वर्षं चाहता आहे. एवढ्या जुन्या चाहत्याने दिलेला शब्द पाळायला हवा.

चाहता मंडळाच्या गावशाखेचा मी अध्यक्ष. सभासद दोन, मी आणि इल्पो. इल्पोचं स्केटला धार लावायचं दुकान आहे. जेवणाच्या सुट्टीत तिथे जाऊन निषेधाचा ठराव मांडला. १४ फेब्रुवारीला कुओपिओच्या आइस हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम आहे, त्याचं माझं तिकीट त्याच्यापुढे आपटलं आणि म्हणालो, घे, आपल्याला नको. इल्पोने तिकीट गल्ल्यात टाकलं. ठराव एकमताने मंजूर.

घरी हेल्लेवीला सांगितलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण बायकोला संगीतातलं फारसं कळत नाही. दर मंगळवारी चर्चच्या गायकवर्गात जाते, तेवढंच. ती म्हणाली, ऐकून तर बघ, ओळखीचं काही निघेलही. निघणारच. बँड चोवीस वर्षांच्या ओळखीचा आहे.

१६ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ७:१०
आल्बम ऐकतोय. याला ऐकणं म्हणता येणार नाही, तपासणी म्हणावं. विरोध करायचा तर माहिती नको का?

सकाळी ७:५५
अर्धी तपासणी झाली. ऑफिसला उशीर. नगरपालिकेत बर्फ काढणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक माझ्याकडे असतं. आज बर्फ नाही, त्यामुळे कुणाचं अडणार नाही.

दुपारी १२:००
अडलं. दहा वाजता बर्फ पडायला लागला.

१८ जानेवारी, रविवार
अकरा वेळा तपासणी. अंतिम मत तयार होत आहे. मुद्दे नोंदवून ठेवतो.

आल्बमचं नाव 'बर्फाखालची घंटा'. पहिल्या गाण्यात दोन मिनिटं नुसती व्हायोलिनं, मग गिटार येते ती पाहुण्यासारखी, कोट हातात धरून. पूर्वी गिटार घरची होती. दुसरं आणि तिसरं गाणं वेगळी आहेत असं पुठ्ठ्यावर लिहिलंय म्हणून मानायचं. चौथ्यात ड्रमवाल्याने दोन्ही पायांनी असा काही धुमाकूळ घातलाय की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी काठीने छत ठोकलं. ती काठीसुद्धा तालात होती. हा एक गुण.

डच बाई: एकही सूर चुकत नाही. यापेक्षा वाईट मी कुणाबद्दल काय लिहू? इन्केरी वरच्या पट्टीत जायची तेव्हा पोचेल की नाही अशी धाकधूक व्हायची. हिच्या बाबतीत माणूस निवांत कॉफी पिऊ शकतो.

शेवटचं गाणं चौदा मिनिटांचं. नवव्या मिनिटाला सगळी वाद्यं थांबतात. गायकवर्ग हलके हलके वर येतो आणि मग त्यातली एक बाई, एकटी, खालच्या पट्टीत, जेमतेम अर्धा मिनिट गाते. एवढंच. तिथे माझ्या डोळ्यांना पाणी येतं. अकराही वेळा आलं. हीटरमुळे घरातली हवा फार कोरडी झाली आहे, हाउसिंग सोसायटीला पत्र लिहायला हवं.

ही असली सोपी युक्ती माझ्यासारख्या जाणकारावर चालवू बघतात याची चीड आली. परीक्षण लिहायला बसतो.

१९ जानेवारी, सोमवार
परीक्षण गावच्या साप्ताहिकाकडे पाठवलं. टोपणनाव 'लोखंडी कान'. संपादक गेली चार वर्षं माझं छापतो, कारण त्याला दुसरं कुणी पाठवत नाही. लोखंडी कान कोण हे गावात कुणालाही माहीत नाही. इल्पोला माहीत आहे, पण इल्पोला माहीत असणं म्हणजे दगडाला माहीत असणं.

सगळ्यात झणझणीत परिच्छेद शेवटचा जमलाय. इथे उतरवून ठेवतो: 'अखेरच्या गाण्यात गायकवर्ग म्हणून जे ऐकू येतं ते उघडच कॉम्प्युटरमधून काढलेलं आहे. त्यातल्या एकट्या बाईचा तुकडा ऐकून संध्याकाळी गाईंना हाका मारणारी बाई आठवते. फरक इतकाच की त्या बाईकडे निदान गाई असतात.'

तीनदा वाचलं. तिन्ही वेळा हसलो.

२२ जानेवारी, गुरुवार
छापून आलं. नाश्त्याच्या टेबलावर सहज सापडल्यासारखं करून हेल्लेवीला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणालो, बघ, कुणीतरी लोखंडी कान आहे, माणूस अभ्यासू दिसतो. ती काळ्या ब्रेडला लोणी लावत होती. शेवटचा परिच्छेद आला तेव्हा लावायची थांबली. मी वाचून झाल्यावर विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, असेल बाबा. आणि लोणी लावलेला ब्रेड तसाच ठेवून कामाला गेली.

आमच्या साव्हो भागात कुणी सरळ 'हो' म्हणत नाही आणि सरळ 'नाही'ही म्हणत नाही. बोलणारा बोलून मोकळा होतो, अर्थ लावायची जबाबदारी ऐकणाऱ्याची. मी यात तरबेज आहे. 'असेल बाबा' म्हणजे भारावून गेली. ब्रेड मी खाल्ला.

२४ जानेवारी, शनिवार
भयंकर.

इल्पोच्या तळ्याकाठच्या सौनात, म्हणजे वाफारा घ्यायच्या खोलीत, गेलो होतो. मी निखाऱ्यावरच्या दगडांवर पाणी ओतत परीक्षणातली वाक्यं म्हणून दाखवत होतो. गाईंचं वाक्य आल्यावर इल्पो उठला, बाहेर गेला, बर्फातल्या भोकात डुबकी मारून परत आला आणि म्हणाला, पुस्तिका वाचलीस का.

आल्बमबरोबर येणारी पुस्तिका मी वाचत नाही. खरा श्रोता कानाने ऐकतो. शिवाय अक्षरं फार बारीक असतात आणि चष्मा ऑफिसात असतो.

कपडे बदलायच्या खोलीत इल्पोने स्वतःची प्रत आणून पान उघडलं आणि हात लांब करून माझ्यासमोर धरलं. तिथे आमच्या गावच्या चर्चचं नाव. गायकवर्ग आमच्या चर्चचा. गायनप्रमुख औने तिर्क्कोनेन. आणि खाली, शेवटच्या गाण्यातला एकल आवाज: हेल्लेवी रिस्सानेन.

गावात हेल्लेवी रिस्सानेन एकच आहे. ती माझ्या घरात राहते.

इल्पोला म्हणालो, तू आधी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, तू विचारलं नाहीस.

२५ जानेवारी, रविवार
शांत डोक्याने विचार केला. मला कुणी काहीच सांगितलं नव्हतं, त्यामुळे माझा दोष नाही.

आता आठवतंय की सप्टेंबरात ती लागोपाठ तीन शनिवार चर्चमध्ये होती. एकदा दारात बूट घालताना म्हणाली होती की बाहेरची काही माणसं वाजवायला आली आहेत, तुला यावंसं वाटेल कदाचित, कदाचित नाही वाटणार. मी हेडफोन लावून ताल्विक्रूनूचा जुना आल्बम ऐकत होतो. 'कदाचित नाही' हे मी धरलं. अर्थ लावायची जबाबदारी माझी होती हे मान्य, पण पर्याय दोन दिल्यावर माणूस एक तर चुकणारच.

महत्त्वाचं म्हणजे लोखंडी कान मी आहे हे तिला माहीत नाही. तेव्हा परिस्थिती पूर्ण माझ्या हातात आहे.

२७ जानेवारी, मंगळवार
हेल्लेवी तालमीहून तासभर लवकर आली. मी अगदी सहज विचारलं. म्हणाली, कुओपिओला सगळे जाणार आहेत, गायकवर्ग बँडबरोबर गाणार आहे, पण एकटीचा तुकडा मी गाणार नाही असं औनेबाईंना सांगून आले. मी विचारलं, का? म्हणाली, गाई नाहीत माझ्याकडे.

आणि कपडे इस्त्री करायला लागली. इस्त्री करताना ती नेहमी गुणगुणते. आज नाही. घर इतकं गप्प होतं की इस्त्रीची वाफ ऐकू येत होती. मला फार वाईट वाटलं. हे इथे लिहून ठेवतो, इथे कुणी वाचत नाही.

निश्चय: १४ तारखेपर्यंत तिने पुन्हा 'हो' म्हटलं पाहिजे, आणि लोखंडी कान कोण हे तिला कळता कामा नये. दोन्ही जमवणं माझ्यासारख्या माणसाला अवघड नाही.

२८ जानेवारी, बुधवार
साप्ताहिकाला पाच पत्रं पाठवली, पाच वेगवेगळ्या नावांनी. एक निवृत्त शिक्षिका, एक मच्छीमार, एक 'संगीतप्रेमी कुटुंब', एक डॉक्टर आणि एक स्वीडनहून आलेला प्रवासी. पाचही जणांना शेवटच्या गाण्यातली ती बाई अतिशय आवडली आहे. मच्छीमाराचं पत्र विशेष जमलं. पत्रं लिहीत बसल्यामुळे शाळेच्या रस्त्यावर गाडी पाठवायची राहिली. मुख्याध्यापकांचा फोन आला. त्यांना मोठं चित्र दिसत नाही.

३१ जानेवारी, शनिवार
बेकरीतून हेल्लेवीसाठी आणि माझ्यासाठी एकेक मलईचा गोड बन आणला, लेंटच्या उपासांआधी मिळतो तो. ती खूश होईल अशी खात्री होती. तिने वरची टोपी उचलून आत बघितलं, बदामाचं सारण होतं. ती जॅमचा खाते. म्हणे पहिल्यापासून जॅमचाच खाते. मग बदामाचा कोण खातं, असं मी विचारलं. म्हणाली, तू.

दोन्ही बन मी खाल्ले. वाया घालवणं बरोबर नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार
पाचही पत्रं छापून आली. संपादकाने ती एकाखाली एक लावली आणि वर मथळा दिला, 'एका स्वरासाठी पाच वाचक व्याकूळ'. चौघांनी 'काळजाला हात घातला' असं लिहिलंय. स्वीडनच्या प्रवाशाने दोनदा.

हेल्लेवीने पूर्ण पान वाचलं. मी कपाच्या आडून बघत होतो. म्हणाली, कुणाला तरी माझी दया आलेली दिसते. दयेवर गाणारी मी नाही. पेपर घडी करून ओल्या बुटांखाली घातला.

मच्छीमारसुद्धा कामी आला नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
हुकमी योजना. इल्पोच्या दुकानातल्या फोनवरून घरी फोन लावला. हेलसिंकीचा नामांकित संगीत समीक्षक असल्याचं सांगितलं. राजधानीची बोली मला चांगली जमते, अर्धे शब्द गिळायचे की झालं. तिच्या आवाजाला मातीचा वास आहे, चौदा तारखेला मी खास तिच्यासाठी येणार आहे, असं सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, येताना दूध आण.

बिचारी गोंधळली. एवढी मोठी स्तुती ऐकल्यावर माणूस काहीही बोलून जातो. इल्पो पाठ करून स्केट घासत होता, त्याचे खांदे हलत होते. त्यालाही भरून आलं असावं.

दूध आणलं. योगायोगाने संपलंच होतं.

७ फेब्रुवारी, शनिवार. सायंकाळी
आमच्या इमारतीच्या सौनात शनिवारी पाच ते सहा आमची पाळी असते. हेल्लेवी आणि मी, वरच्या फळीवर. आम्ही तिथे सहसा बोलत नाही. आज तिसरं भांडं ओतल्यावर तीच बोलली. म्हणाली, लोखंडी कानाला सांग, आता पत्रं पुरेत.

मी म्हणालो, तो कोण ते मला कसं ठाऊक असणार? तिने आणखी एक भांडं ओतलं. वाफ फार होती. शेवटी मी विचारलं, कधीपासून माहीत आहे?

म्हणाली, चार वर्षांपासून. ऐकून मला जरा बरं वाटलं, म्हणजे माझी शैली ओळखू येते. तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "तुला आवडलं नाही याचं मला काही नाही रे. आवडत नाही एखाद्याला. पण सत्तावीस वर्षं एका घरात राहून तुला माझा आवाज ओळखू आला नाही."

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलोय की इन्केरी नुसती शिंकली तरी मी ओळखीन.

मग मी खरं ते सांगितलं. म्हणालो, "मी रडलो होतो."

"कुठे?"

"नवव्या मिनिटाला. दर वेळी."

ती माझ्याकडे वळली. "मग तेच लिहायचंस ना," म्हणाली.

मी दगडांवर पाणी ओतलं. हात चुकला आणि सगळी बादलीच ओतली गेली. दोघंही बाहेर पळालो.

१० फेब्रुवारी, मंगळवार
ती तालमीला गेली, वेळेवर परत आली. विचारलं, गाणार का? म्हणाली, बघू, पाऊस पडला तर. फेब्रुवारीत आमच्याकडे पाऊस पडत नाही. म्हणजे नाही. किंवा ती थट्टा करते आहे, म्हणजे हो. अर्थ लावायचा प्रयत्न सोडून दिला. हे मी आयुष्यात पहिल्यांदाच केलं.

इल्पोकडे तिकीट परत मागितलं. त्याने ते बहिणीला दिलंय, आणि स्वतःच्या तिकिटावर तोही तिच्याबरोबर जातोय. निषेधाचा ठराव मंजूर झाला होता याची त्याने आठवण करून दिली. हॉल केव्हाचाच भरला आहे. औनेबाईंच्या घरी जाऊन विचारलं, तुमच्याबरोबर आत येता येईल का. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. त्यांनीही साप्ताहिक वाचलंय. म्हणाल्या, टाइस्तो, गायकवर्गाच्या बसमध्ये चाळीस कोट असतील, ते सांभाळायला माणूस हवाच होता.

मोठ्या जबाबदारीचं काम आहे. लगेच होकार दिला.

१५ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११:००
कालचं लिहितो.

कुओपिओ, उणे एकोणीस. हॉलच्या मागच्या पार्किंगमध्ये बस. गायकवर्ग काळ्या कपड्यांत आत गेला. हेल्लेवी पायरीवर थांबून मागे वळली आणि मफलर माझ्या हातात दिला. गाणार की नाही हे मी विचारलं नाही.

मी पूर्ण तयारीनिशी होतो. शेवटचं गाणं शेवटीच असणार हे उघड आहे. आल्बमवरच्या सगळ्या गाण्यांच्या वेळा बेरीज करून, टाळ्यांचे वीस-वीस सेकंद धरून, हेल्लेवीची वेळ काढली: सात वाजून एक्केचाळीस मिनिटं. कार्यक्रम साडेसहाला सुरू झाला. भिंतीतून फक्त ढोलांची धडधड येत होती. पहिला अर्धा तास मी सीटखाली गडगडत गेलेला थर्मास शोधण्यात घालवला आणि पुढची चाळीस मिनिटं अंगावर तीन कोट घेऊन बसलो. सात चाळीसला उतरलो, हॉलच्या भिंतीपाशी गेलो, टोपी काढली आणि कान भिंतीला लावला. आत धडधड थांबली. मग माणसाचा आवाज आला, बाईचा वाटला. मी तसाच उभा राहिलो, पाच मिनिटं, टोपी हातात. डोळ्यांतलं पाणी पापण्यांवरच गोठलं. तिने गायलं, असं स्वतःशी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. एक सिगारेट ओढणारा माणूस बघत होता.

नंतर कळलं ते असं. चौदा मिनिटांचं गाणं त्यांनी सगळ्यात आधी घेतलं, कारण गायकवर्गातल्या म्हाताऱ्यांना जास्त वेळ उभं ठेवायचं नव्हतं. हेल्लेवी गायली तेव्हा मी सीटखाली पालथा पडून थर्मासला हात लावत होतो. सात एक्केचाळीसला मध्यंतर होतं. जे ऐकून मी रडलो ती पिवळ्या मोटारीचे दिवे चालू राहिलेत ही घोषणा होती.

इल्पो बसपाशी आला. त्याने ती ऐकली. सलग तीन वाक्यं बोलला. म्हणाला, सगळा हॉल गप्प झाला होता. म्हणाला, शेजारच्या दाढीवाल्या माणसाने माझा हात धरला होता. म्हणाला, मीपण सोडला नाही. मला त्याचा इतका हेवा वाटला की मी त्याला थर्मासमधली उरलेली कॉफीही विचारली नाही.

परतताना हेल्लेवी शेजारी बसली. गाल लाल. मफलर मागून घेतला, गुंडाळला आणि विचारलं, ऐकू आलं? ढोलांची धडधड आली, घोषणेतली बाईही आली, तेव्हा 'आलं' म्हणायला हरकत नव्हती. तोंड उघडलंसुद्धा. पण म्हणालो, नाही आलं गं.

तिने मान हलवली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. पुढचे सत्तर किलोमीटर मी खांदा हलवला नाही.

आज सकाळी कॉफी झाल्यावर म्हटलं, एकदा म्हणून दाखव ना, फक्त तो तुकडा. ती म्हणाली, काल म्हटला, आता घसा बसलाय, आल्बम लाव. लावला. हेडफोनवर नाही, स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर, दोघांनी मिळून. ती बटाटे सोलत होती. नववं मिनिट आलं, वाद्यं थांबली, ती गायला लागली. म्हणजे आल्बममधली. ही सुरी खाली ठेवून ऐकत होती. मधेच बोट वर केलं आणि म्हणाली, "इथे. इथे मी जरा खाली घसरले आहे. औनेबाईंनी सहा वेळा गाऊन घेतलं, पण राहिलंच."

पुन्हा लावलं. घसरली आहे. स्पष्ट कळतंय.

मी हा आल्बम आतापर्यंत त्रेसष्ट वेळा ऐकलाय.